हप्ते भरतोय तरी कर्ज वाढतंय

"सॉफ्टवेअरमधे खातंच चुकीचं उघडलंय, सगळं डिलीट करून पहिल्यापासनं भरू का?" असं कुणी विचारलं की मला सांगलीच्या मार्केट यार्डातले ते दिवाणजी आठवतात (ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय). हळदीच्या अडतीवर दिवसभर दुसऱ्यांचं जमा-नावे लिहिणारा माणूस, पण बायकोला न सांगता माझ्याकडं आलेला. म्हणाले, मॅडम, झोप लागत नाही, हप्ते भरतोय तरी घराचं कर्ज वाढतच चाललंय.

लॅपटॉप उघडायला लावला. ग्नूकॅश होतं, हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, फुकटातलं, चांगलं आहे. त्यात यांनी होमलोनचं खातं 'बँक' टाइपचं उघडलेलं आणि सुरुवातीची शिल्लक १२ लाख जमा! म्हणजे देणं होतं ते ठेव झालं, आणि दर महिन्याचा १२,१७१ चा हप्ता सेव्हिंगमधनं तिकडं ट्रान्सफर केला की ठेव आणखी फुगणार, नऊ महिन्यांत १३ लाख ९ हजार ५३९. आकडा वाढत होता हे खरंच, फक्त तो कर्जाचा नव्हता.

डिलीट कशाला करायचं? आधी फाइलची कॉपी काढून ठेवली, मग एडिट अकाउंटमधे जाऊन टाइप 'लायबिलिटी' म्हणजे देणं केला, पॅरेंट म्हणजे त्याच्या वरचं खातंही लायबिलिटीज, आणि सुरुवातीच्या एंट्रीतले १२ लाख जमेच्या रकान्यातनं उचलून दुसऱ्या रकान्यात टाकले. एवढ्यावर काम झालं नाही बरं का, कारण हप्ता अख्खा मुद्दलात जात नसतो. ९ टक्क्यांनी १२ लाखांचं पहिल्या महिन्याचं व्याजच ९,०००, ते खर्चात, आणि उरलेले ३,१७१ तेवढे कर्जात. प्रत्येक हप्त्याची अशी फोड बँकेच्या तक्त्यावरनं त्यांनीच केली, मी नुसता चहा घेत बसले. नऊच एंट्र्या तर होत्या. बाकी निघाली ११ लाख ७० हजाराच्या आसपास.

माणूस गप्प झाला. मग हळूच म्हणाले, घरी तर मी सांगून बसलोय की आपल्याकडं १३ लाख दिसतायत, ही प्लॉट बघायला लागलीय.

तर हे होतं खरं दुखणं. अडतीवरचा हिशेबनीस आणि स्वतःच्या घरचा हिशेब चुकला, हे तोंडानं सांगायचं कसं. मी म्हटलं, पुढच्या वेळी वहिनींना घेऊनच या, आणि स्क्रीन तुम्ही दाखवा, मी बोलणार नाही.

आले दोघं. बाईंनी आकडे दोनदा वाचले.

"अहो, लाखाच्या वर भरले आणि फिटले तीस हजार पण नाहीत?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी खिडकीबाहेर.

"व्हय," म्हणाले, "आणि मी तुला चुकीचं सांगितलेलं."

बाई जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग पर्समधनं पेन काढत म्हणाल्या, "प्लॉट राहू दे. दिवाळीचा बोनस थेट मुद्दलात भरला तर किती कमी होतंय, ते काढा बघू आत्ता."