लॅपटॉप तापतो, पण आधी टचपॅडकडे पाहा

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षे वापरलेला लॅपटॉप अकोल्याच्या मे महिन्यात पंखा जोरात फिरत असूनही प्रचंड तापतो आणि व्हिडिओ संपादन करताना अचानक बंद पडतो, दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आहे. त्याशिवाय शेवटी आपण तीन ‘किरकोळ’ तक्रारी जोडल्या आहेत: टचपॅडचा डावा कोपरा दाबला जात नाही, स्पेसबार अडखळतो, आणि चार्जर लावलेला असताना धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. माझ्या मते या तक्रारींचा क्रम उलटा लावायला हवा, कारण आपण ज्यांना किरकोळ म्हटले आहे त्यांतच सर्वांत तातडीची बाब दडलेली असू शकते.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, उष्णतेत राहिली किंवा सतत पूर्ण चार्ज ठेवली गेली की तिच्या पाकिटात वायू साठून ती फुगू लागते. फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून रेटते, त्यामुळे त्याला दाबले जायला जागाच उरत नाही. फुगवटा पुढे सरकला तर कीबोर्डची सर्वांत खालची ओळही, म्हणजे आपला स्पेसबार, त्यात सापडते. लॅपटॉप बंद करून काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवा. तो डुगडुगत असेल, तळाचे झाकण मध्ये उंचावलेले दिसत असेल किंवा टचपॅडची एक कड दुसऱ्या कडेपेक्षा वर आलेली असेल, तर बाकीची सर्व तपासणी बाजूला ठेवा. चार्जर काढा, यंत्र बंद ठेवा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. ती दाबून बसवण्याचा किंवा टोचून हवा काढण्याचा प्रयत्न कोणीही, अगदी दुकानदारानेही, करता कामा नये. त्यातून आग लागू शकते. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात ती देता येते का ते विचारावे. नवी बॅटरी घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका, जुन्या बॅटरीवर छापलेला भाग क्रमांक जुळवा. ती मिळेपर्यंत बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात, काही मात्र तशा स्थितीत आपला वेग मुद्दाम कमी ठेवतात.

बॅटरी ठीक निघाली, किंवा बदलून झाली, की मग तापण्याकडे वळू. बंद पडण्याचे कारण उष्णताच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे यंत्रातील घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली म्हणून तो निष्कर्ष काढता येत नाही. यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढेच ती नोंद सांगते. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हा मोफत प्रोग्राम तापमानाच्या नोंदी सतत फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. ती सोय चालू करून नेहमीचे संपादन करा आणि यंत्र बंद पडले की, पुन्हा सुरू केल्यावर, त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते आणि तिच्याजवळ पोहोचताच ते स्वतःहून वेग कमी करतात. शेवटच्या ओळीत ९८-१०० दिसत असेल तर संशय उष्णतेवर. तिथे ७० च्या आसपासचे आकडे असतील, तर बॅटरी किंवा चार्जर जड कामाचा भार पेलत नाही असे समजून त्या दिशेने शोध घ्यावा. जे यंत्र हलक्या कामात तासन्‌तास नीट चालते आणि केवळ भाराखाली बंद पडते, त्याचा मदरबोर्ड या दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय बदलायला मी तरी होकार देणार नाही.

उष्णता प्रोसेसरमधून थर्मल पेस्टच्या, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाच्या, पातळ थरातून तांब्याच्या नळीत जाते, नळीतून कडेच्या बारीक धातूच्या पट्ट्यांत, आणि पंखा त्या पट्ट्यांमधून हवा फेकून ती बाहेर काढतो. ही साखळी कुठे तुटली आहे हे झाकण न उघडताही बरेचसे कळते. भार असताना हवा बाहेर पडण्याच्या जाळीपुढे तळहात धरा. पंखा जोरात ओरडतो आहे पण झोत मंद आणि गरम लागतो, तर पट्ट्यांत धूळ अडकली आहे. झोत जोरदार पण जेमतेम कोमट आहे आणि नोंदीत मात्र ९५ च्या वर आकडे आहेत, तर उष्णता पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे पेस्ट वाळली आहे किंवा हीट सिंक (नळी आणि पट्ट्यांचा जोडसंच) प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही. झोत जोरदारही आहे आणि चांगला गरमही, तर यंत्र आपले काम करते आहे आणि अडचण खोलीच्या तापमानाची किंवा कामाच्या ओझ्याची आहे. खोली जेवढी तापते साधारण तेवढेच प्रोसेसरचे तापमानही वर सरकते. २५ अंशांच्या खोलीत ८० वर थांबणारे यंत्र ४३ अंशांच्या दुपारी मर्यादेला भिडणारच. त्यावर उपाय म्हणून काही जण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवतात. ते टाळा, कारण त्या ओलसर हवेत धूळ चिकट होऊन पट्ट्यांवर बसते आणि कधीकधी पाण्याचे तुषारही येतात.

धूळ साफ करताना एक गोष्ट हमखास निसटते. जाळीतून बाहेरून पाहिले तर पट्ट्या स्वच्छ दिसतात, कारण धूळ आतल्या अंगाला, पंखा आणि पट्ट्या यांच्यामधल्या अरुंद फटीत, नमद्यासारखा सलग थर होऊन बसलेली असते. बाहेरून फुंकर मारली तर तो थर सुटून पंख्यावरच येतो. म्हणून तळाचे झाकण काढून, बॅटरीचा जोड सर्वांत आधी सोडवून, शक्य असल्यास पंखा उचलून तो थर चिमट्याने अखंड काढावा आणि मगच हवा मारावी. हवा मारताना पात्यांमध्ये लाकडी काडी धरून पंखा स्थिर ठेवावा. मोकळा सोडला तर तो प्रमाणाबाहेर वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

पेस्ट बदलायची झाल्यास हीट सिंकवरच्या स्क्रूंजवळ बहुधा क्रमांक कोरलेले असतात, ते स्क्रू त्याच क्रमाने थोडेथोडे पिळावेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पातळ थर पुरेल एवढीच नवी लावावी. लिक्विड मेटल नावाची पेस्ट आग्रहाने सुचवली गेली तरी घेऊ नका, ती वीजवाहक असते आणि ॲल्युमिनियम खाते. शेजारच्या चिप्सवरचे मऊ थर्मल पॅड फाटले तर मूळ जाडीचेच आणावेत, कारण जाड पॅड बसवला तर हीट सिंक प्रोसेसरवर टेकत नाही आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढते.

दुरुस्ती होईपर्यंत काम अडू नये यासाठी, बॅटरी फुगलेली नसेल तर, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याचा फरक वाटला तरी त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवण्याची सोय, बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. संपादन थोडे सावकाश होईल. लॅपटॉपखाली ठेवायच्या पंखेवाल्या कुलिंग पॅडवर आत्ता खर्च करू नये. मागची बाजू दोन बोटे उंचावली तरी तळाच्या जाळीला हवा मिळते.

झिणझिण्यांचे कारण बहुधा अर्थिंगचे आहे. चार्जरच्या आत मुख्य वीज आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसले की त्यातून यंत्राच्या धातूच्या अंगावर मुख्य विजेच्या दाबाच्या (व्होल्टेजच्या) निम्म्याच्या आसपास दाब येतो, प्रवाह मात्र मिलिअँपिअरचा अंशच असतो. म्हणून धक्का न बसता मुंग्या येतात. चार्जरवर असताना टचपॅडचा बाण आपोआप थरथरतो का तेही पाहा, त्याचेही कारण बरेचदा हेच असते. चार्जर तीन पिनांचा असेल तर दुसऱ्या, खात्रीच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून पाहा. तिथे झिणझिण्या थांबल्या तर वायरमनला बोलावून घरचे अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन तोडून किंवा दोन पिनांचा ॲडॅप्टर मध्ये घालून काम चालवू नका. स्पष्ट धक्काच बसत असेल तर तो चार्जर त्याच क्षणी बाजूला ठेवा.

बॅटरी निर्दोष असूनही स्पेसबार अडखळत राहिला तर यंत्र बंद करून ते तिरके धरा आणि कळीच्या कडेने हवा मारा. स्पेसबारखाली तारेचा आधार असतो, त्यामुळे ती कळ उचकटण्याच्या भानगडीत पडू नये. कीबोर्ड बदलणे बऱ्याच मॉडेलांत महाग पडते, कारण तो वरच्या पॅनेलला पक्का जोडलेला असतो.

बॅटरीची तपासणी आज करा. मग नोंदींच्या फाइलमधल्या बंद पडण्याआधीच्या शेवटच्या काही ओळी, खोलीचे तापमान आणि जाळीपुढचा झोत कसा लागला एवढे कळवा. पंखा, पेस्ट की चार्जर, यांतले नेमके काय हाती घ्यायचे ते त्यावरून ठरवता येईल.