खरखर चालेल

अगं,

दोन्ही फाइल ऐकल्या. कॅफेतल्या कार्यक्रमाचं कच्चं रेकॉर्डिंग बाहेर काढायचं की तुझ्या मित्राने ‘साफ’ केलेलं, यावरून तुझी झोप उडाली आहे म्हणतेस. झोप शांतपणे. कच्चं काढ.

कारण हवंय? साफ केलेल्या फाइलमधलं तिसरं गाणं लाव. दुसऱ्या कडव्यानंतर लोक टाळ्या धरतात, तुमचा ड्रमर त्या टाळ्यांच्या नादाने सुटतो आणि लय पळते. कच्च्या फाइलमध्ये अख्खी खोलीच एकत्र पळते. मित्राने ड्रम उचलून ग्रिडवर, म्हणजे संगणकातल्या सारख्या अंतराच्या ठोक्यांवर, बसवले. आता ड्रम सरळ आणि टाळ्या चुकलेल्या! ज्यांनी तुमचं गाणं उचललं, तेच बेताल ठरले. पुढे तुझा वरचा सूर जरा खाली राहिला होता. तो ऑटोट्यूनने (सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने) वर ओढला, तर त्याच्यासोबत सिम्बलही (ड्रमची झांज) वाकडी होऊन वाजते, कारण तुझ्या माइकमध्ये सिम्बल शिरलेली आहे. एवढ्याशा जागेत शिरणारच. झालेली रात्र पुसू नकोस. हे मी या पत्रात परत परत म्हणणार आहे, तयारी ठेव.

साठच्या दशकातले लाइव्ह अल्बम ऐक म्हणालो होतो, ते म्हाताऱ्याचे जुने कढ म्हणून नव्हे. अमेरिकन रॉक अँड रोलवाल्या जेरी ली लुईसचा हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमधला ऐकलास? नीट, मोबाइल बाजूला ठेवून? तारीख ५ एप्रिल १९६४. आदल्या दिवशीच्या तारखेच्या बिलबोर्ड यादीत (अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या) पहिली पाचही गाणी बीटल्सची, म्हणजे १९६२ मध्ये याच क्लबात वाजवून गेलेल्या पोरांची. आणि हा माणूस? तेरा वर्षांच्या, नात्यातल्याच मुलीशी लग्न केल्याचं १९५८ मध्ये बाहेर आलं आणि त्याची सगळी चढती कमान कोसळली. माणूस म्हणून मी त्याची वकिली करणार नाही. पण पियानोवर बसल्यावर काय होतं ते ऐक. साथीला नॅशव्हिल टीन्स. नाव नॅशव्हिलचं, पोरं इंग्लंडची. हा आपल्याच तंद्रीत गाणं उधळतो आणि ती पोरं जीव मुठीत धरून मागे. कुठे गाठतात, कुठे नाही. समोर लोक ‘जेरी, जेरी’ करून कोकलताहेत आणि पियानो इतका पुढे आलाय की बाकी सगळे शेजारच्या खोलीत वाजवताहेत असं वाटावं. याला मिक्स म्हणतात का? कुठल्याही शाळेत नापास होईल. पण तो पाठलाग काढून टाकलास तर अल्बममध्ये उरतं काय? सगळ्यांना आधीच पाठ असलेली गाणी.

आणि ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचा लीड्समधला अल्बम. १४ फेब्रुवारी १९७०, विद्यापीठाचं जेवणघर. (साल सत्तरचं आहे, माहीत आहे. दशकं कॅलेंडर बघून संपत नाहीत, हुज्जत नको.) टेपवर खटखट, खरखर उमटली होती. त्यांनी काय केलं? रेकॉर्डच्या लेबलवर हाताने लिहून टाकलं की खरखर चालेल, दुरुस्त करू नका. ही ऐट बघ! पुढे सीडीच्या जमान्यात ती खरखर काढली गेली. ती आवृत्ती माझ्या घरात लागत नाही. हा माझा हट्ट आहे आणि त्यावर चर्चा नाही.

आता तुझं डोकं कुठे चालेल ते मला कळतं. तू शोधून काढशील की तेव्हाही लबाडी होतीच. होती ना. रोलिंग स्टोन्सच्या १९६६ च्या ‘लाइव्ह’ अल्बममध्ये स्टुडिओतल्या गाण्यांवर किंचाळ्या चढवल्या आहेत. जॅनिस जॉप्लिनचा १९६८ चा ‘चीप थ्रिल्स’ बराचसा स्टुडिओतलाच, वर गर्दीचा गलका. जॉनी कॅशच्या फोल्समच्या तुरुंगातल्या अल्बममध्ये खुनाच्या ओळीवर कैद्यांचा जो जल्लोष ऐकू येतो, तोही मागाहून घातलेला. बरं मग? ते लोक मळ वरून लावत होते. खोलीतली गर्दी, घाम, आरडाओरडा हाच माल आहे, हे लबाडांनाही कळलं होतं. तुझ्याकडे तो माल अस्सल आहे आणि तू तो धुवायला निघाली आहेस!

खासगी मैफिलीच्या टेपेत तबल्याची ठाकठोक, पुढच्या रांगेतला खोकला आणि कुणाचा तरी ‘क्या बात है’ असतोच. तो कापा असं कुणी म्हणतं का?

कच्चं म्हणून रेकॉर्डिंग अडवून ठेवलं की काय होतं तेही सांगतो. अमेरिकन गायक सॅम कुकने जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात गायलेलं रेकॉर्डिंग कंपनीला फार रांगडं वाटलं. (रॉक नव्हे, सोल, पण प्रश्न तुझाच.) ते कपाटात गेलं. १९६४ च्या डिसेंबरात तो गोळी लागून मेला. अल्बम आला १९८५ मध्ये.

माझंही एक आहे. मुंबईत रंगभवनला आम्ही वाजवलं होतं आणि ते टेपवर होतं. कॅसेट काढणाऱ्या गृहस्थांनी आमच्याकडून सगळं स्टुडिओत परत वाजवून घेतलं, आणि टेप वाचवायची म्हणून ते मूळ रेकॉर्डिंगवरच चढवलं. कॅसेट सुबक निघाली. मी ती एकदाही पूर्ण ऐकलेली नाही. त्या रात्री आमच्या बेसिस्टने एका जागी जे काही केलं ते आज फक्त तीन-चार जणांच्या डोक्यात आहे, आणि आमची एकमेकांशी भांडणं होतात ती नेमकं काय केलं यावरून.

त्यानंतर मिक्सरवर बसलो तेव्हापासून लाइव्हवर ओव्हरडब करायला, म्हणजे मागाहून वाजवलेलं वर चढवायला, मी नाही म्हणत आलो. कामं गेली. ‘काका जुने झाले’ असं म्हणत माझ्यासमोर दुसऱ्यांना बोलावलं गेलं. त्यांचे अल्बम माझ्यापेक्षा जास्त खपलेही असतील. पण मी हात लावलेल्या टेपांमध्ये ज्याने जे वाजवलं तेच वाजतं. मला हे तुला पटवायचं नव्हतं, पण लिहिता लिहिता आलं, असू दे.

रात्र पुसू नकोस म्हणजे काहीच करू नकोस असंही नाही, तेवढी भाबडी तू नाहीस. बेस दबलाय, वर आण. मागची घूं काढ, ती विजेची आहे, तुमची नाही. पाचव्या गाण्याआधी गिटारची तार तुटल्यावर तू जे चाचपडत बोललीस, ते मित्राने कापलं आहे. ते परत घाल. तिथे लोक पहिल्यांदा हसतात आणि पुढचं गाणं त्या हसण्यावरच उभं राहतं. सूर आणि लय मात्र जिथे पडली तिथेच.

मित्राला दुखवू नकोस, कान बरा आहे त्याचा. पुढच्या गिगला त्यालाच मिक्सरवर बसव, आणि लोकांच्या बाजूला तोंड करून दोन माइक जास्तीचे लावायला सांग. या वेळी टाळ्या फक्त तुझ्या माइकमधून मिळाल्या आहेत, त्या कमी पडताहेत.

— काका