‘पहिला नंबर आणून देतो’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

प्रश्न: मी शाईची पेनं, शाई आणि वह्या विकणारं छोटं ऑनलाइन दुकान चालवते. मी आणि एक अर्धवेळ मदतनीस, एवढाच कारभार. जुनी गिऱ्हाइकं परत येतात, पण गुगलवर शोधत येणारी नवी माणसं फार थोडी. त्यासाठी सल्लागार शोधतेय. तिघांशी बोलणं झालं. पहिला म्हणतो, तीन महिन्यांत पहिल्या नंबरवर आणतो, लेखी हमी घ्या. दुसरा म्हणतो, एसईओ (गुगलच्या बिनपैशाच्या निकालांत वर येण्याची खटपट) विसरा, जाहिरातींचं बजेट माझ्या हाती द्या. त्याची फी बजेटच्या टक्क्यांत. तिसरीने उलट मलाच ढीगभर प्रश्न विचारले आणि कामाआधी नुसत्या तपासणीचे वेगळे पैसे मागितले. तीच सर्वांत महाग वाटतेय. कोणाला निवडू?

उत्तर: पहिल्याला आजच नाही म्हणून कळवा. गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनेच सल्लागार निवडण्याबद्दलच्या आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. सुधारणांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असंही तिथेच म्हटलंय.

पण मग हा लेखी हमी देतो कशाच्या जिवावर? त्याच्या दोन वाटा मी पाहिल्यात. एक म्हणजे असे शब्द निवडायचे जे कोणी शोधतच नाही. ‘सुबक निळ्या शाईचे दर्जेदार पेन ऑनलाइन खरेदी’ यावर तुम्ही महिन्याभरात पहिल्या याल, आणि तिथे एकट्याच बसून राहाल. दुसरी वाट जास्त वाईट: विकतच्या लिंका. दुसऱ्या साइटींवरून येणाऱ्या लिंका गुगल शिफारशीसारख्या धरतं, म्हणून पैसे देऊन कुठल्या कुठल्या साइटींवरून तुमच्याकडे लिंका लावून घ्यायच्या. जेसी पेनी या बड्या अमेरिकी दुकानाचं असं प्रकरण फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढलं. गुगलने त्यांना निकालांत पार खाली ढकललं. कंपनी म्हणाली, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि सल्लागार कंपनीला काढून टाकलं. पण खाली गेली ती दुकानाचीच साइट. तेवढं मोठं दुकान त्यातून सावरतं. तुमचं काय होईल?

दुसऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. टक्क्यांत फी घेण्याची रीत या धंद्यात सर्रास आहे. फक्त तुमचा खर्च वाढला की त्याची कमाई वाढते, हे डोक्यात ठेवून त्याच्याशी बोला. त्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, माझ्या दुकानाचं नाव टाइप करून येणाऱ्यांचा हिशेब तू वेगळा दाखवणार का? नाव टाकून शोधणारा माणूस बहुधा येणारच असतो. त्याच्या क्लिकचे पैसे मोजून ‘बघा, जाहिरातीने किती विक्री झाली’ असं दाखवणं फार सोपं. ईबेने २०१२ साली काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तर जवळजवळ सगळे क्लिक खालच्या बिनपैशाच्या निकालांतून आले. (तुमच्या नावावर प्रतिस्पर्धी जाहिरात लावत असेल तर गोष्ट वेगळी.)

दुसरी गोष्ट, पहिल्या आठवड्यात कुठले शब्द निगेटिव्ह टाकशील, म्हणजे कुठल्या शब्दांच्या शोधांवर जाहिरात दाखवणार नाहीस? ‘शाईचं पेन’ हा शब्द ब्रॉड मॅचवर (म्हणजे जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दिसेल असा) मोकळा सोडला, की तुमची जाहिरात ‘शर्टावरचा शाईचा डाग कसा काढावा’ म्हणणाऱ्यालाही दिसू शकते. त्याने क्लिक केलं की पैसे तुमचे गेले. जाहिरात कुठल्या शोधांवर दिसली याचे रिपोर्ट ज्याने खरंच चाळलेत तो ‘डाग’, ‘दुरुस्ती’, ‘फुकट’, ‘पेन ड्राइव्ह’ असे शब्द तिथल्या तिथे सांगेल. ‘ते सगळं आता एआय बघतं’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठा.

आता तिसरी. तिने काय विचारलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी अंदाज करतो: कशावर किती मार्जिन सुटतं, एकदा आलेला माणूस पुन्हा काय घेतो, माल परत किती येतो, उत्पादनांची वर्णनं कोण लिहितं. हे विचारलं असेल तर तिला धंदा कळतो. शाईच्या बाटलीवर फारसं सुटत नसेल, पण शाई संपते आणि माणूस परत येतो. महागडं पेन घेणारा कदाचित येणारही नाही. कुठल्या पानासाठी आधी राबायचं ते यावरून ठरतं.

वर्णनांचा मुद्दा तर तुमच्यासाठी सगळ्यांत मोठा. कंपनीने दिलेला मजकूर तुम्ही जसाच्या तसा चिकटवला असेल, तर तोच मजकूर इतर दुकानांतही असणार. मग गुगलने तुमचंच पान का दाखवावं? ही निब डावखुऱ्याला चालते का, शाई वाळायला किती वेळ लागतो, पातळ कागदावर फुटते का, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण ती पेनं तुम्ही हाताळता. कंपनीच्या माहितीपत्रकात ते नसतं. शिवाय रंग, निब, किंमत अशा फिल्टरांमुळे एकाच मालाची शेकडो पानं तयार झालीत का, बंद झालेल्या पेनांच्या पानांचं काय केलंय, हेही तपासणीत निघतं. पैसे द्या, पण आधी ठरवून घ्या: सापडलेल्या त्रुटी महत्त्वाच्या क्रमाने लेखी हव्यात आणि तो कागद तुमचा, पुढचं काम वाटल्यास दुसऱ्याकडून करून घेता यावं. महिन्याच्या करारावर लगेच सही नको. आणि तिच्याकडून चालू गिऱ्हाइकांचे फोन नंबर कशाला मागता, तिच्याकडचं काम थांबवलेल्या एखाद्याशी गाठ घालून द्यायला सांगा.

तोवर घरबसल्या एक करा. सर्च कन्सोल हे साइटवाल्यांसाठीचं गुगलचं साधन फुकट आहे, त्यात सोळा महिन्यांपर्यंतची माहिती दिसते. लोक काय शोधत आले ती यादी उघडा आणि तुमच्या दुकानाचं नाव असलेले शोध फिल्टर लावून काढून टाका. उरलेल्यांत ‘डावखुऱ्यांसाठी शाईचं पेन’ सरासरी चौदाव्या क्रमांकावर दिसलं, तर ते पान चांगलं लिहून काढणं हेच तुमचं पहिलं काम, सल्लागार कोणीही असो. यादी जवळजवळ कोरीच निघाली, तर गुगलने पानं इंडेक्समध्ये, म्हणजे आपल्या शोधाच्या यादीत, घेतलीत का ते आधी बघा.

आणि खाती तुमच्या ईमेलवरच. जाहिरातींचं खातं तुमचं, कार्ड तुमचं; सल्लागाराने ते आपल्या मॅनेजर खात्यातून (गिऱ्हाइकांची खाती सांभाळायच्या खात्यातून) जोडून घ्यावं. माझ्या परिचयातल्या एकाने एजन्सी सोडली, तेव्हा वर्षानुवर्षांचा जाहिरातींचा सगळा इतिहास एजन्सीकडेच राहिला, कारण खातं त्यांनीच त्यांच्या नावाने उघडलं होतं. नव्या माणसाला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागली.

प्रश्न: आमचा सल्लागार दर महिन्याला जाडजूड रिपोर्ट पाठवतो. आलेख वर जातात, ऑर्डरी आहेत तिथेच. काय विचारावं?

उत्तर: वर जाणारा आलेख बहुतेक इम्प्रेशनचा, म्हणजे साइट निकालांत किती वेळा दिसली त्याचा, असेल. सत्तराव्या क्रमांकावर दिसलात तरी ते मोजलं जाऊ शकतं. पुढच्या महिन्यापासून एकच पान मागा: या महिन्यात साइटवर काय बदललं आणि का, नाव न टाकता आलेले क्लिक किती, त्यांतून ऑर्डरी किती, पुढे काय करणार. दोन महिने थांबा. तरीही जाडजूड रिपोर्टच येत राहिला तर नोटीस द्या. त्याआधी सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून तुमचा ईमेल आहे ना, तेवढं बघून घ्या.