ऑनलाइन पदवी शाळा मानतील का?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून करिअर समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून, विशेषतः मुले थोडी मोठी झाल्यावर पुन्हा काम करू पाहणाऱ्या स्त्रियांकडून, मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. शाळेत मुलांच्या शैक्षणिक आणि भावनिक अडचणींवर काम करायचे आहे, पण घर सोडून विद्यापीठाच्या गावी जाऊन राहणे शक्य नाही; अशा वेळी शालेय मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घेतली, तर शाळा ती मानतील का? या प्रश्नामागची काळजी खरी आहे, परंतु तिचा रोख बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीकडे असतो. व्याख्याने पडद्यावर ऐकली की वर्गात बसून ऐकली, याची चौकशी शाळा सहसा करत नाहीत. ज्या राज्यात काम करायचे आहे त्या राज्याचा परवाना उमेदवाराकडे आहे का, हे मात्र त्या पहिल्यांदा पाहतात आणि तो नसेल तर पुढचे काही पाहतच नाहीत.

हे ज्यांच्या बाबतीत अगदी स्पष्टपणे समोर आले, त्या बाईंची हकिगत त्यांच्या परवानगीने येथे देत आहे; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. टेक्सासमध्ये राहणाऱ्या या बाई पस्तिशी ओलांडलेल्या होत्या. महाराष्ट्रात मानसशास्त्र विषय घेऊन तीन वर्षांची बी.ए. आणि त्यानंतर बी.एड. असे त्यांचे शिक्षण झाले होते. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे तेथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, त्या अमेरिकेत आल्या आणि कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळाल्यावर एका सरकारी शाळेतील विशेष शिक्षणाच्या वर्गात सहायक म्हणून नोकरी करू लागल्या. तेथील शालेय मानसशास्त्रज्ञ मुलांच्या चाचण्या कशा घेतात, अहवाल कसा लिहितात आणि पालकांसमोर तो बैठकीत कसा मांडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणजे या व्यवसायाविषयी त्यांच्या मनात भाबडे चित्र नव्हते. अडचण होती ती घरच्यांच्या आणि काही अंशी त्यांच्या स्वतःच्या मनातील एका समीकरणाची: ऑनलाइन म्हणजे बहिःस्थ आणि बहिःस्थ म्हणजे दुय्यम. "इतके पैसे घालून शेवटी कोणी विचारलेच नाही तर?" असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारले.

त्यांच्यासमोर दोन पर्याय होते. पहिला पर्याय शैक्षणिक मानसशास्त्रातील मास्टर्स पदवीचा होता: सुमारे ३० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक), संपूर्ण ऑनलाइन, आणि अर्ज केल्यापासून काही आठवड्यांत प्रवेश. त्या विद्यापीठाचे प्रवेश सल्लागार त्यांना इतक्या आपुलकीने फोन करत होते की त्यांचा कल तिकडेच झुकला होता. दुसरा पर्याय शालेय मानसशास्त्रातील स्पेशालिस्ट पातळीच्या, म्हणजे मास्टर्स आणि डॉक्टरेट यांच्या मधल्या ईडीएस, पदवीचा होता: ६६ क्रेडिट, किमान तीन वर्षे, ठरलेल्या वेळी संध्याकाळी थेट वर्ग, आणि त्याखेरीज शाळांमध्ये प्रत्यक्ष काम. दुसरा पर्याय त्यांना "उगाचच लांबलचक" वाटत होता.

माझ्या मते हा लांबलचकपणा उगाच नाही. अमेरिकेत या व्यवसायाची मानके नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स ही १९६९ साली स्थापन झालेली संघटना ठरवते. तिला सगळे 'नास्प' म्हणतात. नास्पच्या मानकांनुसार स्पेशालिस्ट पातळीच्या अभ्यासक्रमात किमान ६० पदव्युत्तर क्रेडिट असावे लागतात आणि त्यांपैकी किमान ५४ इंटर्नशिप वगळून असावे लागतात. इंटर्नशिप किमान १,२०० तासांची असते आणि त्यांतील किमान ६०० तास शाळेतच व्हावे लागतात. राज्याराज्यांचे परवान्याचे नियम वेगवेगळे असले तरी बहुसंख्य राज्यांच्या अपेक्षा याच चौकटीच्या आसपास असतात. तीस क्रेडिटची शैक्षणिक मानसशास्त्राची पदवी ही शिकण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करण्यासाठी चांगली असू शकते, परंतु ती हातात घेऊन कोणी शालेय मानसशास्त्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज करू शकत नाही. मी बाईंना त्या विद्यापीठाचे माहितीपत्रक पुन्हा, यावेळी शेवटच्या पानापासून, वाचायला सांगितले. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले होते की हा अभ्यासक्रम कोणत्याही राज्याच्या व्यावसायिक परवान्यासाठी आखलेला नाही. फोनवर ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती, आणि बाईंनी ती विचारली नव्हती.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या पर्यायाकडे वळलो आणि तपासणीला उलट्या टोकाकडून, म्हणजे परवान्यापासून, सुरुवात केली. टेक्सासमध्ये शालेय मानसशास्त्रज्ञाचा परवाना शिक्षण खाते देत नाही. वर्तन आरोग्य व्यवसायांचे नियमन करणारी टेक्सास बिहेवियरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह कौन्सिल ही संस्था तो 'लायसन्स्ड स्पेशालिस्ट इन स्कूल सायकॉलॉजी' या नावाने देते. कॅलिफोर्नियात मात्र हेच काम शिक्षकांना प्रमाणपत्रे देणाऱ्या आयोगाकडे आहे आणि त्याची अटींची यादी वेगळी आहे. बाईंच्या यजमानांची बदली कॅलिफोर्नियात होण्याची शक्यता असल्यामुळे हा फरक त्यांच्यासाठी केवळ माहितीपुरता नव्हता. जुलै २०२० पासून अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार परवान्याकडे नेणारे अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांना, आपला अभ्यासक्रम कोणत्या राज्याच्या शैक्षणिक अटी पूर्ण करतो आणि कोणत्या राज्याच्या करत नाही, हे जाहीर करावे लागते; जुलै २०२४ पर्यंत 'निर्णय झालेला नाही' असे सांगण्याचीही मुभा होती. संकेतस्थळावर हे पान सहसा इतके आत दडवलेले असते की मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. बाईंनी ते शोधले. टेक्सास 'अटी पूर्ण करतो' या रकान्यात होते. कॅलिफोर्निया मात्र अजूनही 'निर्णय झालेला नाही' या रकान्यात.

या टप्प्यावर अनेक जण प्रवेश कार्यालयाला फोन करतात. मी अभ्यासक्रमाच्या संचालकांना लेखी विचारण्याचा आग्रह धरते, कारण लेखी उत्तर जबाबदारीने दिले जाते आणि पुढे दाखवता येते. बाईंनी पाठवलेल्या पत्रात तीनच प्रश्न होते: गेल्या काही वर्षांत टेक्सासमध्ये राहून हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना तेथील परवाना मिळाला आहे का; प्रॅक्टिकम, म्हणजे इंटर्नशिपच्या आधीचा शाळेतील देखरेखीखालचा सराव, आणि इंटर्नशिप यांसाठी शाळा विद्यापीठ शोधून देते की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची; आणि चाचण्या घेण्याचा सराव कोणाच्या देखरेखीखाली, कोठे होतो. पहिल्या प्रश्नाला होकार आला. दुसऱ्याचे उत्तर असे होते की विद्यापीठ करार करून देते, पण शाळा शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर होते आणि बाईंच्या घरच्यांचा बहिःस्थ पदवीचा समज त्यानेच दूर केला. बुद्धिमत्ता चाचणीची पेटी विद्यार्थ्याला ठरावीक काळासाठी पाठवली जाते. घड्याळ लावून, सूचना शब्दशः वाचून, ठोकळ्यांची आणि चित्रांची मांडणी अचूक ठेवून तो पालकांच्या संमतीने एखाद्या स्वयंसेवक मुलाची चाचणी घेतो, तिचे चित्रीकरण प्राध्यापकांना पाठवतो आणि गुणदानातील प्रत्येक चूक दाखवून ते परत येते. मुलाने अर्धवट उत्तर दिले असता पुढचा प्रश्न विचारायचा की 'आणखी सांग' म्हणायचे, एवढ्या बारकाईने हे तपासले जाते. त्यापुढील प्रॅक्टिकमचे काम प्रत्यक्ष शाळेत, परवानाधारक मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली होते. बाईंच्या सासऱ्यांनी हे उत्तर स्वतः वाचले आणि त्यानंतर बहिःस्थ हा शब्द घरात पुन्हा निघाला नाही, असे बाईंनी मला हसत सांगितले.

व्हिसाचा विषय येथे टाळता येत नाही. केवळ ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, कारण त्या व्हिसावर एका सत्रात पूर्णवेळ अभ्यासभारामध्ये साधारणपणे एकच ऑनलाइन विषय धरला जातो. एच-४ व्हिसावर शिकता येते, मात्र पगारी इंटर्नशिप हे काम असल्यामुळे त्यासाठी वैध ईएडी हवे. बाईंकडे ते होते, पण त्याची मुदत इंटर्नशिपच्या वर्षाआधीच संपत होती. नूतनीकरणाला लागणारा वेळ आणि मधल्या काळातील जोखीम याविषयी मी त्यांना इमिग्रेशन वकिलाकडे पाठवले. समुपदेशकाने या विषयात अंदाजाने बोलू नये. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला संघीय शैक्षणिक कर्ज मिळत नसल्याने खर्चाचा हिशेबही वेगळा मांडावा लागला. क्रेडिटला समजा ६०० डॉलर धरले, तरी ६६ क्रेडिटचे ३९,६०० डॉलर होतात, आणि इंटर्नशिपचे वर्ष पूर्णवेळ केल्यास सहायकाची नोकरी सोडावी लागते. नास्पच्या मानकांनुसार इंटर्नशिप अर्धवेळ करून सलग दोन वर्षांत पूर्ण करण्याचीही मुभा आहे, परंतु विद्यापीठ आणि शाळा दोघांनीही ती मान्य करावी लागते.

कागदपत्रांची बाजू त्यामानाने लवकर मार्गी लागली. भारतातील गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यमापन करून घेतल्यावर बी.ए. आणि बी.एड. मिळून चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष ठरले. नुसत्या तीन वर्षांच्या पदवीबाबत विद्यापीठांची धोरणे वेगवेगळी असतात. संख्याशास्त्र मात्र त्यांच्या बी.ए.त एका पेपरचा भाग म्हणून होते, त्यामुळे तो स्वतंत्र विषय म्हणून त्यांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात केला. शिफारसपत्रांपैकी एक, त्यांचे काम रोज पाहणाऱ्या शालेय मानसशास्त्रज्ञांचे होते, आणि माझ्या अनुभवात वीस वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांच्या गौरवपर पत्रापेक्षा अशा पत्राला अधिक वजन असते.

सर्वाधिक वेळ गेला तो उद्दिष्ट निवेदनावर, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. पहिल्या मसुद्याची सुरुवात "मला लहानपणापासून मुलांची आवड आहे आणि मानवी मन समजून घेण्याची ओढ आहे" अशी होती. अशी वाक्ये खोटी नसतात, पण ती कोणाच्याही अर्जात शोभतील. मी त्यांना विचारले की वर्गात असे काय पाहिले, ज्यामुळे सहायकाचे काम अपुरे वाटू लागले. थोडा वेळ विचार करून त्यांनी दुसरीतल्या एका मुलाविषयी सांगितले. घरी स्पॅनिश बोलणारा हा मुलगा गणितात मागे आहे म्हणून त्याला विशेष शिक्षणाच्या तपासणीसाठी पाठवण्याचे चालले होते. वर्गात रंगीत मणी मोजताना बाईंनी त्याला इंग्रजीत विचारले तेव्हा तो गप्प राहिला, आणि शेजारच्या मुलीने तोच प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारल्यावर त्याने मणी दोन गटांत मांडून बेरीज बरोबर सांगितली. ही गोष्ट त्यांनी मानसशास्त्रज्ञांच्या कानावर घातली. अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या 'आयडिया' या संघीय कायद्यानुसार मुलाची तपासणी शक्य असेल तेथे त्याच्या भाषेत व्हावी लागते आणि इंग्रजी पुरेसे येत नाही एवढ्यावरून त्याला अपंग ठरवता येत नाही. पुढे तपासणी दोन्ही भाषांत झाली.

"हे लिहायचे का? यात मी फारसे काही केले नाही," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की मुलाची ओळख न देता हेच लिहावे, आणि ज्या ठिकाणी त्यांचे ज्ञान संपले, म्हणजे दोन भाषांतील चाचणीचे गुण एकमेकांशी कसे ताडून पाहायचे हे त्यांना कळत नव्हते, ते ठिकाणही लपवू नये. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्याला काय शिकायचे आहे हे माहीत असावे, एवढीच निवड समितीची अपेक्षा असते. वयाचा आणि शिक्षणातील खंडाचा उल्लेख पहिल्या मसुद्यात तीनदा होता. तो एका वाक्यावर आला.

बाईंनी दोन स्पेशालिस्ट अभ्यासक्रमांना अर्ज केले. एकाने मुलाखतीला न बोलावताच नकार कळवला. दुसऱ्याने ऑनलाइन मुलाखत घेतली आणि तीत वयाविषयी एकही प्रश्न आला नाही. नोकरी आणि दोन मुले सांभाळून प्रॅक्टिकमचे दिवस कसे काढणार, याची मात्र खोलात चौकशी झाली. त्यांच्याकडे आठवड्याचे वेळापत्रक आणि आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमधील, म्हणजे भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेतील, पर्यवेक्षकांचे, प्रॅक्टिकमसाठी जागा देण्याची तयारी दाखवणारे ईमेल, दोन्ही तयार होते. प्रवेश मिळाला. नोकरीच्या बाजारपेठेची चिंता त्यांनी अधूनमधून बोलून दाखवली, तेव्हा मी एवढेच निदर्शनास आणले की नास्पच्या शिफारशीनुसार ५०० विद्यार्थ्यांमागे एक शालेय मानसशास्त्रज्ञ असावा आणि देशभराची सरासरी पाहता एकेकाकडे हजाराहून अधिक विद्यार्थी येतात.

सध्या त्यांचे पहिले सत्र सुरू आहे. कॅलिफोर्नियाच्या बदलीचा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तो झाल्यास तेथील आयोगाच्या अटींशी त्यांचा प्रत्येक विषय ताडून पाहावा लागेल. त्यासाठी प्रत्येक विषयाची अभ्यासक्रम रूपरेषा त्या आतापासूनच जपून ठेवत आहेत. डिस्ट्रिक्ट आणि विद्यापीठ यांच्यातील प्रॅक्टिकमच्या करारावर अद्याप सही झालेली नाही. ती होईपर्यंत त्यांनी सहायकाची नोकरी सोडू नये, असे मी त्यांना सांगितले आहे.