डान्स फ्लाय आणि रॉबर फ्लाय दिसण्यावरून वेगळ्या कशा ओळखायच्या?

फोटोसोबतचा तुमचा प्रश्न असा आहे की, ओढ्यावर थव्याने घिरट्या घालणारी, खाली वळलेल्या सोंडेची ही बारीक माशी डान्स फ्लाय म्हणायची की रॉबर फ्लाय? मी घिरट्यांवरून निष्कर्ष काढत नाही, कारण चिलटंसुद्धा तशीच नाचतात. मी आधी डोकं पाहते.

रॉबर फ्लायच्या दोन डोळ्यांच्या मधोमध टाळूवर चक्क खळगा असतो आणि तोंडावर राठ केसांची झुपकेदार मिशी. डान्स फ्लायला यातलं काही नसतं. तिचं डोकं छोटं, गोल, बारीक मानेवर बसवल्यासारखं. बऱ्याच जातींत नराचे डोळे टाळूवर एकमेकांना भिडतात. छाती कुबडासारखी वर आलेली असते. सोंड ताठ आणि बहुधा खाली रोखलेली. पण लांब सोंडेचा हट्ट धरू नका. डान्स फ्लायच्याच एम्पिस वंशातल्या अनेक जातींची ती लांबलचक असते, हिलारा वंशात मात्र आखूडच.

तुमची माशी पाण्यावर दिसली, म्हणून मला हिलाराचीच शंका येते. तिच्या नराचे पुढचे पाय पाहा. पावलाचा पहिला सांधा फुगलेला असतो, कारण त्यात रेशीम तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्या धाग्यात भक्ष्य गुंडाळून तो मादीला भेट देतो! सगळ्या कीटकसृष्टीत मला याहून सुंदर खूण माहीत नाही.

पंख स्पष्ट दिसत असेल तर टोकाकडे जाणारी शीर तपासा: एम्पिस आणि हिलारामध्ये ती शेवटी दुभंगते, रॅम्फोमायिया या डान्स फ्लायच्या आणखी एका वंशात सहसा न फुटताच कडेला पोहोचते. याच वंशातल्या रॅम्फोमायिया लाँगिकॉडा या उत्तर अमेरिकी जातीत मादीच्या पायांना पिसांसारखी झालर असते आणि उडताना ती पोट हवेने फुगवते. ते फुगलेलं पोट अंड्यांनी भरलंय असं समजू नका. एकूणच डान्स फ्लायच्या नराच्या पोटाचं टोक बहुतेकदा जाड, वर वळलेलं असतं; मादीचं निमुळतं.

स्नाइप फ्लाय या वेगळ्या कुळातल्या माशीशीही गल्लत होते. भिंगाखाली पाऊल पाहा: नखांखाली तिच्या तीन गाद्या असतात, डान्स फ्लायच्या दोन.

तुमचा फोटो वरून काढलेला आहे, त्यात सोंड आणि पुढचे पाय झाकले गेलेत. एक फोटो बाजूने आणि एक पसरलेल्या पंखाचा टाकलात, तर वंशापर्यंत नक्की पोहोचता येईल.