मेपल बोन्सायवर लावलेलं शेवाळ तपकिरी का पडतं?

बहुतेकदा खाली पोकळी राहते म्हणून. मातीला न टेकलेला तुकडा दोन दिवसांत वाळतो. जपानी मेपलला अख्खे तुकडे चिकटवण्यापेक्षा चुरा बरा: शेवाळ वाळवून चुरडा, कोरडं स्फॅग्नम (पाणी धरून ठेवणारं दलदलीतलं शेवाळ) 3-4 मिमीच्या चाळणीवर घासून तेवढंच मिसळा. माती आधी भिजवा, जेमतेम 5 मिमी थर पसरून तळहाताने दाबा. धार सोडलीत तर सगळं वाहून जाईल. बारीक फवाराच मारा. हिरवं धरायला काही आठवडे लागतात.

खोडाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवा. नाहीतर बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते, शिवाय पसरलेली मुळं झाकली जातात, आणि मेपलची निम्मी शोभा तीच! पाणी मात्र शेवाळाचा रंग बघून घालू नका. काडी खुपसा, ओलसर निघाली तर थांबा.