पोरगा घ्यायचा की नाही

पोरी,

मेल मिळाली. तुमच्या संघाने तो जखमी गुडघ्याचा बास्केटबॉलपटू सौदा करून घ्यावा की नाही, असं विचारलंस. त्या मुलाचं नाव लिहिलं नाहीस हे बरं केलंस, ऑफिसातली गोष्ट ऑफिसातच राहू दे. वय बावीस, हातात चेंडू आला की समोरचा बचाव फाटतो, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि साहेबांना शुक्रवारपर्यंत एक पान हवंय. तुझा मसुदा दोनदा वाचला. तो किती मोठा होईल यावर साडेतीन परिच्छेद, आणि तो खेळूच शकला नाही तर आपल्या हातात काय उरेल यावर एक ओळ, तीही कंसात. उलटं कर.

एनबीएतला, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधला, पोर्झिंगिस आठव. ६ फेब्रुवारी २०१८, न्यूयॉर्क विरुद्ध मिलवॉकी. सात फूट तीन इंचांचा गडी, मिलवॉकीच्या यानिसच्या डोक्यावरून डंक केला, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला, आणि खाली येताना डावा गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध, तुटला. आपल्या कोर्टावर मी कुणाची उडी बघायचो नाही, उतरणं बघायचो, त्यावरून तुम्ही सगळे हसायचात.

वर्षभराने, ३१ जानेवारी २०१९ ला, डॅलसने त्याला घेतलं. तेव्हा तो २३ वर्षांचा. बदल्यात डेनिस स्मिथ ज्युनियर, दोन अनुभवी खेळाडू आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) दिले. वर न्यूयॉर्कच्याच हार्डवे ज्युनियरचा जाडजूड करार अंगावर घेतला. (गंमत बघ, ओझं म्हणून आलेला हा हार्डवे २०२४ पर्यंत डॅलसमध्ये टिकला.) डॅलसच्या लुका डॉन्चिचचा तो पहिलाच मोसम. त्याच्या जोडीला एवढा उंच आणि लांबून नेम धरणारा भिडू मिळत असेल तर मीही हात पुढे केला असता.

पण ही निम्मीच किंमत होती. उरलेली निम्मी जुलैत चुकवावी लागली: डॅलसच्या जर्सीत एकही सामना न खेळलेल्या माणसाला पाच वर्षांचा, सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलरचा करार. द्यायचा नाही म्हटलं असतं तर तो पुढच्या वर्षी मोकळा होऊन निघून जाऊ शकला असता आणि दिलेले पिक पाण्यात गेले असते. म्हणजे एकदा सौदा केला की करार टाळणं जवळजवळ हाताबाहेरचं. तू लिहिलेल्या त्या मुलाचाही रुकी करार, म्हणजे नवख्याचा पहिला करार, संपत आलाय ना? मग पानावर सौद्याचा आणि नव्या कराराचा, दोन्ही आकडे एकाखाली एक लिही आणि बेरीज कर. साहेबांना बेरीज आवडणार नाही, तरी लिही.

पुढचं तुला ठाऊक आहे. २०२० च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) उजवा गुडघा, तीन मोसमांत मिळून १३४ सामने, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रवानगी वॉशिंग्टनला. तोच माणूस २०२३ मध्ये बॉस्टनला आला. २०२४ च्या प्लेऑफमध्ये पोटरी दुखावली, लागोपाठ दहा सामने बाहेर बसला. त्यातले नऊ बॉस्टनने जिंकले, कारण त्याच्या जागी खेळायला हॉरफर्ड तयार होता. फायनलचा पहिला सामना मी सकाळी सहाला चहा घेऊन बघत होतो. पोर्झिंगिस बेंचवरून उठून आला आणि २१ मिनिटांत २० गुण करून गेला. समोर कोण? डॅलस! मग पुन्हा पाय दुखावला, तिसरा-चौथा सामना गेला, तरी बॉस्टनने ४-१ ने किताब नेला. शरीर तेच, फक्त बॉस्टनचा सगळा भार त्याच्यावर नव्हता. तुमच्याकडे हॉरफर्ड कोण आहे, ते मसुद्यात कुठेच नाही.

आता तू म्हणशील, सर, स्वस्तात मिळत असेल तर? फुल्ट्झ बघ. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडलेला, खांद्याच्या दुखण्यात शूटिंगच हरवून बसला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑर्लँडोने फिलाडेल्फियाला एक राखीव खेळाडू आणि दोन ड्राफ्ट पिक देऊन त्याला घेतलं. पुढचा मोसम ७२ सामने, बरा खेळला, मग जानेवारी २०२१ मध्ये त्याचाही एसीएल गेला. आणि त्या दोनपैकी पहिल्या फेरीचा पिक २०२० मध्ये २१ वा निघाला. त्यावर फिलाडेल्फियाने टायरीस मॅक्सी उचलला, जो २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तमांत गेला. प्रत्येक २१ वा पिक मॅक्सी होत नाही, मान्य. पण 'फक्त एक उशिराचा पिक' हे तुझे शब्द मी लाल शाईने खोडलेत.

आणखी एक. विकणाऱ्याला तो गुडघा रोज सकाळी सरावात दिसतो, तुला नुसता एमआरआय दिसतो. ते ड्राफ्ट पिकांसाठी विकतायत की दोन वर्षांत कंटाळून, हे आधी शोध. वागणुकीचे किस्से ऐकून घे, पण दोन वेगळ्या तोंडून आल्याशिवाय कागदावर आणू नकोस.

आणि सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमधल्या त्या मुलाच्या क्लिप्स काढ, दमलेला असतानाच्या. बास्केट होते की नाही ते सोड, दोन्ही पाय एकदम टेकतात की ऑपरेशनचा पाय मागे राहतो ते बघ. गुरुवारी रात्री पान पाठव. मी पाचला उठतोच.

तुझा,
सर